राज्य काढण्याआधी नदी काढा

नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतली दुपार. साडेचार वाजून गेले तरी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माझा भाचा आला तो डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, डोळे तेवढे उघडे. कूलरसमोर बसून त्याने सॅकमधून दोन गोष्टी काढल्या, पाण्याची रिकामी बाटली आणि साडेतीनशे पानांची फाइल. दोन वर्षांपासून पोरगा एपिक फँटसी लिहीत होता. सोबत चार्टपेपरवर काढलेला नकाशा होता, रंगीत पेन्सिलींनी, फार मन लावून केलेला.

"मावशी, सगळं टाकलं यात मी. युद्ध आहे, जादू आहे, शाप आहे. मित्र वाचतात अन् म्हणतात, चांगलं आहे बाप्पा, पण पुढे नाही वाचवत. काहून होते असं?"

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे, त्यामुळे हात आधी नकाशाकडे गेला. पर्वतरांग पट्टीने आखल्यासारखी सरळ. एका तळ्यातून नदी निघत होती आणि दोन फाटे होऊन दोन दिशांच्या दोन समुद्रांना मिळत होती. राजधानी वाळवंटाच्या मधोमध, सोन्याच्या मनोऱ्यांची, आसपास पाण्याचा थेंब नाही. मग तिसरं प्रकरण वाचलं. नायक ऐन उन्हाळ्यात ते वाळवंट पार करतो, दोन परिच्छेदांत. पोचतो तेव्हा त्याच्या उपरण्याची घडीसुद्धा मोडलेली नसते.

मी त्याला म्हटलं, तू घरून इथवर कसा आलास ते सांग. तो गोंधळला, पण सांगू लागला. दोन वाजता निघणार होता, आईने निघू दिलं नाही. चार वाजता दुपट्टा ओला करून बांधला. रिंगरोड जवळचा पडला असता, पण त्यावर सावली नाही, म्हणून आतल्या झाडांच्या रस्त्यांनी आला. सिग्नलला गाडी पांढऱ्या रेषेपर्यंत नेलीच नाही, वीस पावलं मागे कडुनिंबाची सावली होती तिथेच थांबवली. वाटेत एका प्याऊवर बाटली भरून घेतली, तीही संपली.

म्हणजे या एवढ्याशा प्रवासात निघायची वेळ उन्हाने ठरवली, रस्ता उन्हाने ठरवला, कपडे उन्हाने ठरवले, गाडी कुठे उभी करायची तेही उन्हाने ठरवलं. आणि त्याच्या कादंबरीत ऊन काय करत होतं? 'तळपत होतं'. बस, तेवढंच.

कादंबरीतल्या स्थळाविषयी मला जे सांगायचं आहे ते एवढ्यात आलं. स्थळ म्हणजे पात्रांच्या मागे टांगलेला पडदा नव्हे. नाटकातला पडदा पात्राला अडवत नाही, खरी जागा अडवते. ती नको म्हणते, थांबवते, वळसा घ्यायला लावते, किंमत मागते. एपिक फँटसीत तर तिचं हे नको म्हणणं गोष्टीचा अर्धा भार उचलतं.

फँटसीतच एवढं का, ते आधी पाहू. मी गोष्टीत नुसतं 'बर्डी', म्हणजे आमची सीताबर्डी, लिहिलं की नागपूरच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे गर्दी, फूटपाथवरची दुकानं, मेट्रोचे खांब सगळं उभं राहतं. मी काहीच दिलेलं नसतं, वाचकाने ते आपल्या पदरचं घातलेलं असतं. फँटसीत ही उधारी बंद. 'रुद्रपूर' लिहिलं तर वाचकाच्या मनात त्याचं काहीही नाही. तिथे पाऊस कधी पडतो, लोक काय खातात, रात्री दारं लावतात की नाही, सगळं लेखकालाच द्यायचं आहे. आणि 'एपिक' म्हटलं की पैज एका घराची नसते, अख्ख्या मुलखाची असते. राज्यं बुडतात, फौजा चालून जातात, माणसं गावं सोडून निघतात. ज्या भूमीसाठी हे सगळं चाललं आहे ती भूमी वाचकाच्या पायाला लागलीच नाही, तर ती बुडाली काय आणि तरली काय, त्याला काहीच वाटणार नाही. भाच्याच्या मित्रांचं नेमकं तेच झालं होतं.

आता ही भूमी उभी कशी करायची? तरुण लेखक बहुतेक वेळा राजापासून सुरुवात करतात. राजा, त्याचा वंश, त्याचा किल्ला, त्याचा झेंडा. मी म्हणते, दगडापासून सुरू करा. का ते आपल्याच मुलखात दिसतं.

नागपूर एका सांध्यावर वसलं आहे. पश्चिमेकडे निघालात की पायाखाली काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून थिजलेला लाव्हा. त्याची झीज होऊन काळी माती झाली. ती ओल धरून ठेवते, म्हणून तिकडे कापूस, ज्वारी, आणि काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाला निघालात की तो कातळ संपतो आणि त्याहून कितीतरी जुने, कठीण खडक लागतात. जमीन चढउताराची, पाऊस पश्चिमेपेक्षा जास्त, पण खडकात पाणी फारसं मुरत नाही, वाहून जातं. मग तिथल्या माणसांनी काय केलं? उताराला मातीची पाळ घालून पाणी अडवलं आणि खाली धान लावलं. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी असे शेकडो तलाव बांधले. पुढे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार आले, तलावांची मालकी त्यांच्याकडे गेली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव राहिले, आणि 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची पहिली अक्षरं उचलून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले.

आता ही साखळी उलटी धरून पाहा. इकडे ताटात भाकरी आणि तिकडे भात, हा फरक दगडाने केला. पाणी ज्याच्या पाळीमागे, त्याच्या हाती गाव, हा सत्तेचा नियमही दगडाने केला. पश्चिमेच्या माणसाला राजाकडून कापसाला भाव हवा, पूर्वेच्या माणसाला तलावाची पाळ फुटू नये एवढंच हवं. दोघांच्या शिव्या वेगळ्या, देव वेगळे, भीती वेगळी. तुम्ही दगड आणि पाऊस नीट ठरवलात की असे कितीतरी तपशील आपोआप हाती येतात, आणि ते एकमेकांना धरून असतात. राजापासून सुरू केलंत तर प्रत्येक तपशील स्वतंत्रपणे शोधून काढावा लागतो आणि जिथे तिथे ठिगळं दिसतात.

नद्यांचं मात्र थोडं कडक बोलते, कारण फँटसीचे नकाशे सगळ्यात जास्त इथेच फसतात. नदी उंचावरून सखलाकडे जाते. वाटेत तिला दुसऱ्या नद्या येऊन मिळतात. मुखाशी, सपाट जमिनीवर ती फुटते, त्याआधी सहसा फुटत नाही. आणि ती जवळचा समुद्र शोधत नाही, उतार शोधते. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते तिथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर, पण सह्याद्रीचा उतार पूर्वेकडे म्हणून ती जवळजवळ १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. आपल्या नाग नदीचं पाणीही तिकडेच जातं. कन्हानला, तिथून वैनगंगेला, मग प्राणहितेतून गोदावरीला. अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून उडी मारणारा थेंब आंध्रात समुद्राला मिळतो. नकाशा काढताना एका थेंबाचा असा प्रवास बोटाने करून पाहा. जिथे बोट अडखळतं तिथे चूक आहे.

"पण जादूचं राज्य आहे ना ते," भाचा म्हणाला.

असू दे की. जादूने नदी डोंगर चढू दे. पण मग ती चढते हे पाहून त्या जगातल्या कुणाला तरी नवल वाटायला हवं, कुणीतरी त्या उलट्या पाण्याला हात जोडायला हवेत, आणि ते पाणी वर कुणी ओढलं याचं उत्तर लेखकाकडे हवं. नियम मोडायला माझी ना नाही. पण नियम आहे हे लेखकाला माहीतच नसेल तर जादूही जादू वाटत नाही, चूक वाटते.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या दारात आहे. नागपूरहून ५० किलोमीटरवर रामटेकची टेकडी. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं इथली परंपरा मानते, आणि नागपूरचे मोठे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी त्यासाठी भरपूर पुरावे मांडले. शापित यक्ष या टेकडीवर आहे, बायको दूर उत्तरेत अलका नगरीत. आषाढाच्या तोंडावर ढग दिसतो आणि यक्ष त्याला निरोप घेऊन जायला सांगतो. मग तो काय करतो? रस्ता सांगतो. पूर्वमेघ हा काव्याचा अर्ध्याहून मोठा भाग म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर निम्मं पुस्तक स्थळवर्णन. तरी वाचताना कंटाळा येत नाही, आणि का येत नाही हे प्रत्येक फँटसी लिहिणाऱ्याने बारकाईने पाहण्यासारखं आहे.

निघाल्या निघाल्या ढगाला माळावरून जायचं आहे, तिथे नुकतीच नांगरट झाली आहे, मातीला वास सुटला आहे. मग आम्रकूट पर्वत. तिथे वणवा पेटलेला असतो, ढगाने तो विझवायचा, म्हणजे पर्वत त्याला विसाव्याला माथा देईल. पण वणवा विझवायचा तर पाणी खर्ची पडतं आणि ढग हलका होतो. हलक्या ढगाला वारा कुठेही भिरकावील. म्हणून पुढे रेवा, म्हणजे आपली नर्मदा लागली की तिचं पाणी पिऊन घे, भरलेल्याला वारा हलवू शकत नाही, असं यक्ष बजावतो.

थांबून बघा इथे. ढग ही कल्पनेतली पात्ररचना, पण तिला वजन आहे. ती मदत करते तेव्हा काहीतरी खर्च होतं, आणि तो खर्च भरून काढायला विशिष्ट जागीच जावं लागतं. पर्वताकडून ढगाला काहीतरी मिळतं आणि त्याबदली काहीतरी द्यावं लागतं. नदीचंही तसंच. एकही जागा नुसती सुंदर म्हणून आलेली नाही. उज्जयिनी तर वाटेत नाही, वाकडा रस्ता पडतो, हे यक्ष स्वतः कबूल करतो आणि तरी जा म्हणतो. विरहाने व्याकुळ झालेला माणूस आपल्याच निरोप्याला वळसा घ्यायला सांगतो, तेव्हा त्या नगरीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आणि शेवटी अलका. ऋतूंचे नियम पाळत ढगाने एवढा मुलूख ओलांडल्यावर वाचक अलकेत शिरतो, आणि तिथल्या स्त्रियांच्या अंगावर फुलं काय आहेत? हातात कमळ, केसांत कुंद, मुखाला लोध्राच्या फुलांची धूळ, अंबाड्यात कुरबक, कानावर शिरीष, भांगात कदंब. कमळ शरदाचं, कुंद हेमंताचा, लोध्र शिशिराचा, कुरबक वसंताचा, शिरीष ग्रीष्माचं, कदंब वर्षेचा. सहा ऋतू, एकाच वेळी. 'ही नगरी अलौकिक आहे' असं तोंडाने म्हणावंच लागत नाही, फुलांनी सांगितलेलं असतं. आधी इतका वेळ ऋतू काटेकोर पाळले, म्हणून हा एक मोडलेला नियम अंगावर येतो. पहिल्या पानापासून सगळंच अद्भुत असतं तर या सहा फुलांकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं.

भाच्याने हे वहीत उतरवून घेतलं. मला बरं वाटलं.

अंतराचं गणित थोडक्यात सांगते, कारण ते सोपं आहे, तरी लोक करत नाहीत. धडधाकट माणूस दिवसाला २५ ते ३० किलोमीटर चालतो. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर, तेही बैलांना विसावा देत. सामानसुमान, तोफा, बाजारबुणगे घेऊन निघालेली फौज त्याहून हळू. म्हणजे जुन्या काळात नागपूरहून रामटेक दोन दिवसांची वाट. नकाशावर एक बोट म्हणजे किती दिवस, हे ठरवून टाका आणि भिंतीवर लिहून ठेवा. दूत पोचायला किती दिवस लागतात त्यावर राजाला खबर कधी कळते ते ठरतं, आणि खबर उशिरा कळणं यावर अर्ध्या शोकांतिका उभ्या आहेत. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किन यांनी आपण नकाशा आधी केला आणि गोष्ट त्यात बसवली असं स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यांच्या कादंबरीत वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या पात्रांना एकाच रात्री एकाच कलेचा चंद्र दिसावा म्हणून त्यांनी तारखा पुन्हा पुन्हा जुळवल्या. हा बारकावा वाचकाला मुद्दाम दिसत नाही, पण त्याचा विश्वास त्यावरच बसतो.

अंतराबरोबर ऋतूही मोजा. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो, सोनं लुटतो. हा सण त्याच दिवसात का? पावसाळ्यात नद्या फुगलेल्या, वाटा चिखलाच्या, बारगीर आपापल्या शेतात. आश्विनात पाणी ओसरतं, रस्ते वाळतात, चारा असतो, आणि मग फौजा बाहेर पडतात. आपला एक सण हे मुळात मोहिमेचं वेळापत्रक आहे. नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४२ साली बंगालात उतरली तेव्हा तिलाही पावसाळा कटव्याला काढावा लागला. तुमच्या काल्पनिक राज्यात युद्ध कोणत्या महिन्यात सुरू होतं? 'कधीही' हे उत्तर असेल तर त्या राज्यात अजून ऋतू आलेले नाहीत.

लढाईच्या जागेचंही तसंच. सीताबर्डीच्या दोन टेकड्या आज मेट्रोतून जाताना जाणवतसुद्धा नाहीत. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला मात्र सगळा निकाल त्यांच्यावर लागला. इंग्रज दोन्ही टेकड्यांवर होते. अप्पासाहेब भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. ती लहान टेकडी पुन्हा हातची गेली आणि लढाई फिरली. काल्पनिक लढाई लिहिताना आधी अशी एक लहान टेकडी शोधा. शौर्याची वर्णनं त्यानंतर.

जंगलाविषयी मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे. भाच्याच्या कादंबरीत जंगल होतं, त्यात पाइन होते, बर्फ होता, धुकं होतं. मी विचारलं, बर्फ पाहिलास का कधी? नाही. मग कुठून आला? वाचलेल्या पुस्तकांतून आणि पाहिलेल्या मालिकांतून. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या दारात बर्फ पडतो, म्हणून त्यांना त्याची भीती खरी लिहिता आली. आपल्या दारात पेंचचं सागवन आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची पानं गळतात. हाताएवढं एकेक पान, वाळलं की पापडासारखं. चैत्र-वैशाखात त्या जंगलातून चालून बघा, प्रत्येक पावलाला आवाज होतो. झाडं उघडी पडलेली, त्यामुळे लांबवर दिसतं. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या जंगलात लपता येत नाही, माणूस दिसतोही आणि ऐकूही येतो. श्रावणात तेच जंगल असं गच्च होतं की पाच पावलांवरचं जनावर दिसत नाही, आणि ओल्या पानांवर पाऊल वाजत नाही. एकाच जंगलाचे दोन स्वभाव. पळून निघालेल्या राजपुत्राने कोणत्या महिन्यात पळावं, हा केवढा मोठा प्रश्न आहे, आणि तो आपल्या जंगलानेच उभा केला.

मग मोह. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात आणि बाया-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वेचायला जातात. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि कधीकधी ती आग पसरते. यक्षाच्या आम्रकूटावरचा वणवा मला दरवर्षी तेव्हा आठवतो. अशा एका सवयीत तुमच्या कादंबरीचं अख्खं प्रकरण दडलेलं असू शकतं: भुकेसाठी लावलेली एक छोटी आग आणि तिने पेटवलेला मुलूख. बर्फ लिहायला कुणाला बंदी नाही. पण मराठीतल्या फँटसीला स्वतःची भीती हवी, आणि आमची भीती आटलेल्या विहिरीत आहे, ज्येष्ठात न आलेल्या ढगात आहे.

जागेला स्मृती असते, तीही लिहावी लागते. शहराबाहेर जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, तीनशेच्या आसपास. दगड गोल मांडलेले, आत दफनं, काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले. ती माणसं कोण, त्यांची भाषा काय, आपल्याला ठाऊक नाही. एपिक फँटसीत पडके बुरूज आणि विसरलेली देवळं एवढी का असतात, ते तिथे उभं राहिलं की समजतं. आपल्याआधीही इथे कुणीतरी होतं आणि त्यांनाही आपलं जग कायमचं वाटलं होतं, ही जाणीव एक दगड देऊन जातो. वर्तुळाचं रहस्य शेवटी उलगडलंच पाहिजे असंही नाही.

सणही जागेतूनच उगवायला हवेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून मारबतींची मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत लोक त्या अवाढव्य पुतळ्यांना इतवारी, महालच्या अरुंद रस्त्यांनी नेतात आणि नंतर जाळतात. पावसाळ्याचे रोगराईचे दिवस, दाट वस्ती, आणि ते सगळं गावाबाहेर काढायची सामूहिक हाक. भाच्याच्या कादंबरीत 'प्रकाशोत्सव' होता, लोक दिवे लावून नाचत होते. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. त्या गावाला कशाची भीती वाटते ते आधी ठरव, मी म्हटलं, सण त्या भीतीतून निघेल.

नावांबद्दल एवढंच, की नावं मुलखाच्या तोंडची असावीत. आपल्याकडे अंबाझरी, माहुरझरी, तोतलाडोह. झरी आणि डोह, पाण्याचे शब्द गावांच्या अंगात मुरलेले. एकाच खोऱ्यात 'झायरॉनिया' आणि 'शौर्यगड' शेजारी असतील तर तिथे कधीच कुणी राहिलेलं नाही हे लगेच कळतं.

हे सगळं ठरवल्यावर सगळं लिहायचं का? मुळीच नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा होते. वाचकाला एक शीत द्यायचं. पण आत पातेल्यात भात खरोखर शिजलेला हवा, एक शीत तेवढं शिजवता येत नाही. दगड, पाऊस, अंतरं, भीती हे पातेलं. पानावर यायचं ते शीत.

भाच्याने लिहिलं होतं: 'वाळवंटाच्या सीमेवर एक भव्य व प्राचीन नगर होते. तेथे पाण्याचे अत्यंत दुर्भिक्ष असून राजाचे शासन कठोर होते.' आम्ही दोघांनी बसून ते असं केलं:

'वेशीतल्या माणसाने आधी घोड्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वाराकडे. ओगराळं उचललं. "माणसाला एक, घोड्याला चार," तो म्हणाला, "आणि तलवार आत न्यायची असेल तर निम्मं." ओगराळ्याच्या कडेवर राजाची मोहर होती, घासून घासून जवळजवळ पुसलेली.'

दुर्भिक्ष हा शब्द गेला, कठोर गेला, प्राचीन गेला. तिन्ही गोष्टी राहिल्या. शिवाय एक नवीन आली. तलवार घेऊन आत जायचं की पाणी प्यायचं, हे आता नायकाला ठरवावं लागणार होतं. स्थळाने त्याला प्रश्न विचारला होता. आणि तो जे निवडेल त्यावरून तो कसा माणूस आहे हे वाचकाला कळणार होतं, त्याच्या गुणांची यादी न देता.

तेच गाव वेगवेगळ्या डोळ्यांनी वेगवेगळं दिसतं, हेही इथेच शिकता येतं. शिपाई वेशीची उंची पाहील, व्यापारी ओगराळ्याचा आकार पाहील, तहानलेलं मूल फक्त पाणी पाहील. ज्याच्या डोळ्यांनी प्रकरण चाललं आहे त्याला जे दिसणार नाही ते लिहू नये, कितीही मेहनतीने शोधलेलं असलं तरी. भाच्याला हे सगळ्यात जड गेलं. मनोऱ्यांवर त्याने अकरा पानं लिहिली होती.

मृगाचे दोन पाऊस पडून गेल्यावर तो पुन्हा आला, या वेळी दुपट्ट्याऐवजी रेनकोट. नवीन नकाशा आणला होता. डोंगर वाकडेतिकडे झाले होते, तळ्यातून एकच नदी निघत होती, राजधानी दोन नद्यांच्या संगमावर सरकली होती. कोपऱ्यात लिहिलं होतं, एक बोट म्हणजे चार दिवस. पण पोराचा चेहरा उतरलेला.

"मावशी, घोळ झाला. वाळवंट ओलांडून राजधानीला जायला एकोणीस दिवस लागतात. मी चारदा मोजलं. अन् अभिषेक बाराव्या दिवशी आहे. तो पोचतच नाही ना आता."

"मग?"

तो बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. "मग मुकुट धाकट्याच्या डोक्यावर जाते," तो हळूच म्हणाला, "अन् हा वेशीबाहेर उभा राहते, हातात तलवार घेऊन, तहानलेला."

त्याने फाइल उघडली, चौथ्या प्रकरणापासून पुढची सगळी पानं काढली, टेबलावर पालथी ठेवली आणि माझ्याकडे कोरे कागद मागितले.